जर्मन शिकताना मराठी बाजूला का ठेवायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांबद्दल आपल्या दैनिकात अधूनमधून जे छापून येतं, ते मी इथे लाइपझिगच्या वसतिगृहात मोबाइलवर वाचत असते. व्हिसा, त्यासाठी पैसे अडकवून ठेवायचं ब्लॉक्ड अकाउंट, आपल्या कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र, कुठल्या विद्यापीठात फी नाही, यावर भरपूर लिहिलं जातं. ती माहिती लागतेच. पण ज्या एका गोष्टीवर इथलं रोजचं जगणं अडतं, त्या जर्मन भाषेबद्दल शेवटी एखादंच वाक्य असतं, 'बी-१ किंवा बी-२ पर्यंत (म्हणजे ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतल्या मधल्या दोन) भाषा यायला हवी.' ती कशी येते, कुणाचं कुठे अडतं आणि आपण तिच्याकडे चुकीच्या वाटेने तर जात नाही ना, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय. काटछाट करायचीच झाली तर पैशांचा भाग कापा, व्याकरणाचा ठेवा, एवढी विनंती.

मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. बी. ए.ला जर्मन घेतलं आणि तिसऱ्या वर्षातलं एक सत्र करण्यासाठी गेल्या ऑक्टोबरपासून इथे आहे. हे विद्यापीठ १४०९ सालचं. जर्मन कवी गटे सोळा वर्षांचा असताना कायदा शिकायला इथे आला होता. ज्यांच्या नावाच्या भवनांत आपल्याकडची मुलं जर्मन शिकतात ते माक्स म्युलरही इथलेच विद्यार्थी. त्यांनी संस्कृत शिकायला सुरुवात केली ती इथे, आणि १८४३ साली डॉक्टरेट घेतली तीही इथे. पहिल्या आठवड्यात हे सगळं कळलं तेव्हा ऊर भरून आला होता. त्याच आठवड्यात माझी भाषेची चाचणीही झाली.

त्या चाचणीला सी-टेस्ट म्हणतात. एक परिच्छेद देतात, त्यातल्या दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग खोडलेला असतो आणि तो आपण भरायचा. वाचायला सोपं वाटतं. पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेपटीतच सगळं असतं. लिंग, विभक्ती, वचन, काळ. मी बी-१ पास होऊन आले होते, चारही भागांत साठच्या वर गुण होते. तरी त्या कागदावर माझ्या हातून एकामागून एक शेपट्या चुकल्या आणि मला पुन्हा बी-१च्या वर्गात बसवलं. मला बी-२ मिळेल असं धरून मी सत्राचे विषय ठरवले होते, ते बदलावे लागले. रात्री खूप रडले. घरी सांगितलं नाही.

चुकलं काय, हे मला नोव्हेंबरात समजलं, तेही एका उघड्या खिडकीमुळे. इथे वर्गाची हवा बदलायची म्हणून मधल्या सुट्टीत सगळ्या खिडक्या सताड उघडतात. बाहेर तीन-चार अंश. मी कुडकुडत बाईंना म्हणाले, 'इश् बिन काल्ट.' बाईंनी खिडकी लावली आणि शांतपणे माझं वाक्य दुरुस्त केलं, 'ईनेन इस्ट काल्ट.' मी म्हणाले होते त्याचा अर्थ साधारण 'मी थंड आहे' असा होतो, आणि माणसाबद्दल तसं म्हटलं की तो भावनाशून्य आहे असं वाटतं. जर्मन माणूस म्हणतो 'मिअर इस्ट काल्ट.' मिअर म्हणजे मला. मला थंडी वाजतेय!

मी हे वाक्य वर्गात शंभर वेळा पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण तोंडून निघताना ते इंग्रजीतून आलं, कारण मला जर्मन समजावून दिली गेली ती इंग्रजीतून. पुस्तकं जर्मनीहून आलेली, पूर्ण जर्मन. फळ्यावरचं स्पष्टीकरण मात्र इंग्रजीत, वहीतले अर्थ इंग्रजीत, शंका विचारायची तीही इंग्रजीत. माझ्या डोक्यात 'मला थंडी वाजते' हे वाक्य जन्मापासून तयार होतं. त्याला बाजूला सारून मी आधी 'आय अ‍ॅम कोल्ड'पाशी गेले आणि तिथून जर्मनकडे निघाले. वाट तिथेच चुकली.

त्या रात्री मी वहीचं एक नवं पान काढलं आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी, इंग्रजी कुठेच नाही. मिअर इस्ट श्लेश्त, मला मळमळतंय. दास गेफेल्ट मिअर, ते मला आवडतं. मिअर इस्ट एत्वास आइनगेफालन, मला काहीतरी सुचलंय. एकामागून एक वाक्यं येत गेली आणि प्रत्येक ठिकाणी कर्त्याच्या जागी 'मी' नाही, 'मला'. ज्याला वर्गात 'डाटिव' म्हणून घाबरवलं जातं, ती चतुर्थी आपण दिवसभर बोलत असतो. इंग्रजीत ती दिसत नाही, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला ती बाहेरून आणून चिकटवावी लागते.

मग विशेषणांकडे वळले. जर्मन सोडून देणाऱ्या मुलांपैकी निम्मी तरी इथेच सोडत असतील, असं मला माझ्या वर्गावरून वाटतं. विशेषणाला प्रत्यय लागतो, तो लिंगाप्रमाणे बदलतो, विभक्तीप्रमाणे बदलतो, आणि तक्ता पाठ करताना जीव जातो. आता मराठी बघा. चांगला माणूस, चांगली बाई, चांगलं मूल. जर्मन, आइन गूटर मान, आइनं गूटं फ्राउ, आइन गूटेस किंड. तिघांना तीन शेपट्या, इकडेही आणि तिकडेही. पुढचं तर मला स्वतःला खरं वाटेना. मराठीत 'ला' लावला की तिन्ही लिंगं एकाच रूपात येतात. चांगल्या माणसाला, चांगल्या बाईला, चांगल्या मुलाला. जर्मन चतुर्थीतही तेच होतं, डेम गूटन मान, डेअर गूटन फ्राउ, डेम गूटन किंड. तिन्हीकडे 'गूटन', जसं आपल्याकडे तिन्हीकडे 'चांगल्या'. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी दोन वर्षं तक्ता घोकला.

लिंगाबद्दल मात्र मुलांना फसवू नये. तीन लिंगं असतात ही कल्पना आपल्याला नवी नाही, तो, ती, ते आपल्या जिभेवर आहेत. घर आणि हाउस दोन्ही नपुंसक, पाणी आणि वासर दोन्ही नपुंसक, पुस्तक आणि बूखही. पण सूर्य आपला तो आणि जर्मनांची ती. खिडकी आपली ती, त्यांचं ते. तिथे पाठांतराला पर्याय नाही. फरक एवढाच की निर्जीव वस्तूला लिंग कशाला, असा प्रश्न मराठी मुलाला पडत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या तुर्की मुलीला तो रोज पडायचा, तिच्या भाषेत व्याकरणातलं लिंगच नाही. उलट गौण वाक्यात क्रियापद शेवटी ठेवायचं, हे तिला आणि मला एकाच दिवशी जमलं, कारण तुर्कीतही ते शेवटीच येतं. 'तो आज आजारी असल्यामुळे येणार नाही' यात येणार की नाही हे कळायला आपण शेवटपर्यंत थांबतो. जर्मन व्याख्यान ऐकतानाही हाच धीर लागतो. मराठी कानाला तो आहे.

आता घड्याळाची गोष्ट, कारण ती मला महागात पडली. मी इथे आले तेव्हा खोलीची किल्ली घ्यायला इमारतीच्या देखभाल करणाऱ्या काकांनी फोनवर वेळ दिली, 'फियर्टेल द्राय'. वार शुक्रवार. पुस्तकात मी सव्वादोनला 'फियर्टेल नाख त्स्वाय' असं शिकले होते, दोननंतर पाव. 'फियर्टेल द्राय' कधी ऐकलंच नव्हतं. फियर्टेल म्हणजे पाव आणि द्राय म्हणजे तीन, म्हणून मी सव्वातीन धरलं आणि तीन वाजून दहा मिनिटांनी दोन बॅगा ओढत पोचले. काका तीनलाच गेले होते. किल्ली सोमवारी मिळाली. तीन रात्री वर्गातल्या एका मुलीच्या खोलीत जमिनीवर काढल्या.

जर्मनीच्या या पूर्व भागात आणि नैर्ऋत्येकडेही 'फियर्टेल द्राय' म्हणजे सव्वादोन, तिसऱ्या तासाचा पाव भाग झाला. 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच, हे तर सगळ्या जर्मनीत. 'द्रायफियर्टेल द्राय' म्हणजे पावणेतीन. यातला 'हाल्ब द्राय' इंग्रजीतून आलेल्यांना हमखास चकवतो, ते साडेतीनला येऊन उभे राहतात. आपल्याला तो चकवू नये, कारण आपला 'अडीच' हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय' यापासून आला आहे. तिसरा अर्धा. हाल्ब द्राय अगदी तेच. आणि 'दीड' हा 'द्व्यर्ध' यापासून, म्हणजे दुसरा अर्धा. जर्मनमध्ये दीड तासाला म्हणतात 'आन्डर्टहाल्ब श्टुंडन'. त्या 'आन्डर्ट'चा जुना अर्थ दुसरा, 'हाल्ब' म्हणजे अर्धा. हे मला ग्रंथालयात, अल्बर्टिनाच्या वाचनकक्षात, व्युत्पत्तिकोश चाळताना सापडलं. शांततेचे नियम कडक आहेत म्हणून ओरडले नाही, पण बराच वेळ तशीच बसून राहिले.

आकड्यांचंही तसंच. एकवीसला जर्मन म्हणतात 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. सत्तेचाळीस म्हणजे सात आणि चाळीस. एकक आधी, दशक नंतर, जसं आपण म्हणतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता, आपल्या वाचकांना आठवत असेल. इथेही अगदी तोच वाद आहे. 'त्स्वान्त्सिश-आइन्स', म्हणजे 'वीस-एक', याच नावाची एक संस्था जर्मनीत आहे आणि आकडे सरळ क्रमाने म्हणायची मुभा मिळावी असं तिचं म्हणणं आहे. लोक दूरध्वनी क्रमांक जोड्या-जोड्यांनी सांगतात तेव्हा वर्गातली इंग्रजी वळणाची मुलं आकडे उलटे लिहून ठेवतात. मी मनात मराठीत ऐकते आणि बरोबर लिहिते. हे आधी करत नव्हते, डिसेंबरपासून करायला लागले.

माणसांशी बोलताना तर मराठीचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. दर शनिवारी सकाळी मी एका बेकरीत काउंटरवर असते. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, त्यात हे बसतं. एक ऐंशीच्या पुढच्या आजी येतात. चार ब्रोट्शन, म्हणजे छोटे पाव, आणि एक लाइपझिगर लेर्शं ठरलेली. लेर्श म्हणजे चंडोल पक्षी. पूर्वी इथे चंडोल मारून त्याचे पदार्थ करत, १८७६ मध्ये त्या शिकारीवर बंदी आली आणि हलवायांनी त्या नावाची बदामाची मिठाई काढली. मी पहिल्यांदा विचारलं, 'आणखी काही हवंय?' तर आजी म्हणाल्या, 'नू.' मला वाटलं नको म्हणतात. मी पिशवी बंद करून पैसे सांगितले. आजी हलेनात. मागून मालकीणबाईंनी सांगितलं की सॅक्सनीत 'नू' म्हणजे 'हो'. आजींना अजून एक लेर्शं हवी होती, नातवासाठी.

त्या आजींना मी कधी 'डू' म्हणाले नाही, पहिल्या दिवसापासून 'झी'. यात मला कुणी काही शिकवावं लागलं नाही. जर्मन माणूस आईला 'डू' म्हणतो, देवाला 'डू' म्हणतो, मित्राला 'डू' म्हणतो आणि परक्या वडीलधाऱ्याला 'झी'. आपणही आईला तू, विठ्ठलाला तू आणि दुकानात आलेल्या आजींना तुम्ही. शिवाय 'झी' हे मुळात 'ते' या अनेकवचनाचंच रूप. 'सर आले' म्हणताना आपणही एका माणसाला अनेकवचन लावतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', म्हणून तिथून येणाऱ्याला डू आणि झी हा शिष्टाचाराचा धडा वाटतो.

हे सगळं माझ्या एकटीच्या कौतुकासाठी लिहीत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर, वाहनचालक अशा कामांसाठी आपली मुलं तिकडे जावीत असा त्याचा हेतू आहे. यातली कितीतरी मुलं माझ्यासारखीच मराठी माध्यमातली असणार. त्यांना जर्मन शिकवताना मध्ये इंग्रजीची पायरी घातली, तर ती एका भाषेला घाबरणार नाहीत, दोन भाषांना घाबरतील. परिचारिकेच्या कामाला साधारण बी-२ पर्यंतची जर्मन लागते. रुग्ण 'मिअर इस्ट श्लेश्त' म्हणाला की त्याला मळमळतंय हे तिला क्षणात कळायला हवं. मराठीतून शिकली तर कळेल.

आणि जी मुलं इंग्रजी माध्यमातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना येतात, त्यांना सल्लागार सर्रास सांगतात की जर्मनची गरज नाही, जाऊन बघता येईल. मलाही एका सल्लागाराने तेच सांगितलं होतं, माझा विषयच जर्मन असून. प्रयोगशाळेत गरज लागत नसेल. पण पत्ता नोंदवायला, डॉक्टरकडे, घराच्या करारावर सही करताना, वसतिगृहात गरम पाणी बंद पडल्यावर लागते. माझ्या मजल्यावर एक मुलगा दीड वर्ष इथे आहे. त्याची पत्रं मी वाचून देते. अभ्यासात हुशार आहे, पण आरोग्यविम्याचं साधं पत्र आलं तरी त्याचा चेहरा उतरतो. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवणाऱ्या आई-वडिलांनी, जाण्याआधी सहा महिने भाषेसाठीही द्यावेत.

जर्मन शिक्षकांवर माझा राग नाही. माझ्या शिक्षकांनी मनापासून शिकवलं, त्यांनाही इंग्रजीतूनच शिकवलं गेलं होतं. माझी विनंती एवढीच आहे की जिथे वर्गात बहुतेक मुलं मराठी आहेत, तिथे फळ्यावर जर्मन वाक्याखाली मराठी वाक्य लिहून बघा. चतुर्थी, विशेषणं, घड्याळ, आकडे, डू आणि झी, या पाच ठिकाणी तरी. जिथे मराठी उपयोगी पडत नाही तिथे स्पष्ट सांगा. उदाहरणार्थ क्रियापदाचा तुकडा तुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो, 'इश् रूफं डिश मोर्गन आन', हे आपल्याकडे नाही आणि ते सरावानेच येतं. मलाही अजून तो 'आन' विसरायला होतो.

हायडेलबर्गचे प्राध्यापक गुंथर सोंथायमर मराठी मुलखात येऊन धनगरांच्या ओव्या ऐकत, नोंदवत फिरले आणि खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबावर १९७६ साली त्यांनी जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ मी इथल्या ग्रंथालयातून काढलाय. हळूहळू वाचतेय, दिवसाला दीड-दोन पानं. त्यात मराठी शब्द जर्मन वाक्यात बसलेले दिसतात तेव्हा कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे क्षणभर विसरायला होतं.

फेब्रुवारीत सत्र संपलं की पुन्हा तीच सी-टेस्ट आहे. माझी दोन रकान्यांची वही आता एकशे बारा पानांची झाली आहे. ती स्वच्छ उतरवून घ्यायचं काम सुरू केलंय. एखाद्या शिक्षकांनी किंवा विद्यार्थ्यांनी मराठीतून जर्मन शिकवायचा वा शिकायचा प्रयत्न केला असेल, तर त्यांचा अनुभव, तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध असला तरी, आपण याच सदरात छापावा. मला तो वाचायचा आहे.

आपली,
जर्मनची एक विद्यार्थिनी
लाइपझिग, जर्मनी